विभूतीखालचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुने झाकण आहे. डब्याचे नव्हे, गाडीच्या फ्यूज बॉक्सचे. माझ्या पोटावर एक कागद चिकटवलेला होता. कोणत्या खाचेत कशाचा फ्यूज आणि तो किती अँपिअरचा, हे त्या नकाशात लिहिलेले असे. फ्यूज म्हणजे एवढीशी पट्टी. वीज जास्त झाली की ती स्वतः जळते आणि तार वाचवते. लोक मात्र तिलाच शिव्या देतात.

माझी व्हॅन मल्लिनाथची. तो कारखान्यातल्या चादरी नव्या पेठेत पोचवायचा. दर दसऱ्याला त्याची आई सावित्रम्मा मला उघडायच्या. "गाडीचा जीव हितंच हाय," असे म्हणून ओल्या विभूतीची तीन बोटे माझ्या कागदावर ओढायच्या. खोटे कशाला बोलू, मला फार बरे वाटायचे. झाकणाची पूजा कोण करतो? पण दर वर्षी त्या बोटांबरोबर थोडी शाई जायची. शेवटी मधल्या तीन ओळी पार गेल्या.

यंदाच्या उन्हाळ्यात गाडीत मागे बसवलेल्या पंख्याचा फ्यूज उडाला. मल्लिनाथने तसलाच लाल, दहाचा बसवला. चार दिवसांत तोही उडाला. सीटमागची तार पत्र्याला घासून उघडी पडली होती. फ्यूज तेच तर सांगत होता.

तिसऱ्यांदा उडाला तो अक्कलकोटच्या वाटेवर, भर दुपारी. मागे चादरींच्या गठ्ठ्यांत सावित्रम्मा घामाघूम झाल्या होत्या. मल्लिनाथने मला उघडले.

"लालच्या जागी दुसरा कुठला चालंल, काय दिसंना झालंय."

"पुसू नको रे मल्लू, विभूती हाय ती," सावित्रम्मा म्हणाल्या.

डबीत लाल फ्यूज संपले होते. त्याने हिरवा, तिसाचा दाबून बसवला. पंखा फिरला. "बसला की!" तो हसला.

त्याची बायको रुद्राणी म्हणाली, "अहो, पण सारखा का उडतोय, ते दाखवा की कुणाला."

"आल्यावर बघू."

हिरवा फ्यूज जळला नाही. तो जळेपर्यंत थांबायला तारेत बळ नव्हते. आधी वास आला, मग धूर, मग चादरींनी पेट घेतला. पुढची दोघे उड्या मारून उतरली. मागचे दार अडकले होते. मल्लिनाथने ते ओढून उघडेपर्यंत सावित्रम्मा आतून उजव्या हाताने तापलेला पत्रा ढकलत होत्या. त्या जगल्या. हात राहिला नसल्यासारखाच राहिला.

मित्रांनो, मला हार नको, गंध नको. मला वाचा. माझ्यावर जो आकडा आहे तोच फ्यूज लावा. तो पुन्हा उडाला तर मोठा लावू नका, का उडाला ते शोधा. अक्षर पुसट झाले असेल तर दिसतेय तोवर दुसरीकडे उतरवून ठेवा. एवढे केले असते तर मी आज हे सांगत बसले नसते.

गाडी भंगारात गेली. मल्लिनाथने मला तेवढे घरी आणले, अर्धे वितळलेले. या दसऱ्याला त्याने मला पाटावर ठेवले. सावित्रम्मांनी सवयीने हात पुढे केला. बोटे एकमेकांना चिकटलेली, ती उघडेनात.

"मल्लू, तू लाव," त्या म्हणाल्या.

मल्लिनाथने तीन बोटे विभूतीत बुडवली आणि तसाच बसून राहिला. बोटांवरची विभूती वाळली. मी कोरडेच राहिले.