हसऱ्या चेहऱ्याचं बटण

लिफ्टवाल्या बाईंच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. यावरून त्यांची थट्टा करून करून ओळखीचे लोक थकले होते. एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या लिफ्टमध्ये लोखंडी स्टुलावर बसून बाईंनी लोकांना वरखाली नेलं, आणि निवृत्त झाल्यावर घर घेतलं ते बावन्न पायऱ्या चढून जायचं, तिसऱ्या मजल्यावरचं. डोकं ठिकाणावर असलेली बाई असं का करेल, असं मुलाने तेव्हाही विचारलं होतं. कारण अगदी साधं होतं. लिफ्टला खिडकी नसते. बाहेर पाऊस आहे की ऊन, हे बाईंना इतकी वर्षं लोकांच्या हातातल्या छत्र्यांवरून कळत आलं होतं. या घराला तीन खिडक्या होत्या आणि तिन्हींतून लांबवर दिसायचं.

आता त्यांच्या गुडघ्यांनी उच्छाद मांडला होता. सांधे झिजलेत, संधिवात आहे, व्यायाम केला तर चालत्या राहाल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुलाने मात्र त्याआधीच आपल्या तळमजल्यावरच्या घरात एक खोली रिकामी करून ठेवली होती. मुलगा वाईट नव्हता. पण त्या खोलीची एकुलती एक खिडकी शेजारच्या भिंतीसमोर उघडत होती, आणि तिथे जायचं म्हणजे पुन्हा लिफ्टमध्ये बसायचं, तेही न हलणाऱ्या, असं बाईंना वाटत होतं. बरीच वादावादी झाली. शेवटी मुलाने अट घातली. सहा आठवडे घरी व्यायाम करायचा, आणि सहाव्या रविवारी भाजीची पिशवी घेऊन बावन्न पायऱ्या न थांबता चढून दाखवायच्या. जमलं तर तो पुन्हा विषय काढणार नव्हता. नाही जमलं तर सामान हलवायचं. बाई ताडकन हो म्हणाल्या. हो म्हणताना त्या उभ्याही राहिल्या आणि कळ मस्तकात गेली, पण ते त्यांनी दाखवलं नाही.

व्यायामासाठी इस्पितळातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने त्यांच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. खुर्चीत बसून पाय सरळ करा, पाच मोजेपर्यंत धरा, खाली आणा. ॲपमधल्या बाईचा आवाज मधाळ होता आणि ती ऊठसूट शाबासकी द्यायची. लिफ्टवाल्या बाईंनी तिचं नाव मास्तरीण ठेवलं. व्यायाम संपला की मास्तरीण विचारायची, आज दुखणं किती? समोर अकरा चेहरे यायचे. शून्यावर हसरा, मग हळूहळू उतरत जाणारे, दहावर रडवेला.

बाईंनी पहिल्या दिवशी हसरं बटण दाबलं. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, असं त्यांच्या मनातही आलं नाही. इस्पितळाच्या लिफ्टमध्ये माणसं स्ट्रेचरवरून येतात, ऑपरेशनला जाता जाता छताकडे बघत असतात. त्यातलं कुणी लिफ्टवालीला कसं काय विचारलं, तर उत्तर एकच असतं: झकास. दाढ ठणकत असो की अंगात ताप असो, झकास. एकतीस वर्षांची सवय बोटात मुरली होती.

मास्तरीण बिचारी सांगितलं ते खरं मानणारी. हिला काहीच दुखत नाही म्हटल्यावर तिने व्यायाम वाढवला. दहाचे वीस झाले, मग खुर्चीवरून उठबस आली, मग पायरीवर चढउतार आली. बाई दात आवळून सगळं करायच्या आणि हसरं बटण दाबायच्या. मुलाच्या फोनवर रोजची नोंद जायची, तोही खूश होता. पाचव्या आठवड्यात उजवा गुडघा टरटरून सुजला. भाजी घेऊन येताना बाई दुसऱ्या मजल्यावर जिन्यातच बसल्या आणि त्यांना उठता येईना. शेजाऱ्यांनी मुलाला फोन केला. तो आला, त्याने आईला धरून वर नेलं आणि म्हणाला, आता बस झालं, रविवारी टेम्पो आणतो. बाईंना इतकी लाज वाटली की त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी त्या रिक्षाने फिजिओथेरपिस्टकडे गेल्या ते भांडायलाच. तुझ्या मास्तरणीने माझा गुडघा खाल्ला, असं त्यांनी दारातूनच ऐकवलं. मुलीने शांतपणे नोंदी काढल्या आणि फोन त्यांच्यापुढे धरला. एकतीस दिवस, एकतीस हसरे चेहरे.

"आजी, तुमचा गुडघा दुखतच नाही असं यात दिसतंय," ती म्हणाली. "मग व्यायाम कमी कोण करणार?"

"पेशंटसमोर दुखतंय म्हणायचं नसतं, पोरी. तो घाबरतो."

"इथे पेशंट कोण आहे?"

बाईंनी खोलीत इकडेतिकडे पाहिलं. दुसरं कुणीच नव्हतं. त्यांना हसू आलं, आणि मग डोळेही भरून आले, कारण गेल्या एकतीस वर्षांत आणि त्यानंतरही त्यांनी दुखतंय हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलीने थोडे दिवस विश्रांती सांगितली, शेक सांगितला, व्यायाम पुन्हा पहिल्या पायरीवर आणून ठेवला. जिना चढताना मध्ये बसत जा, असंही तिने बजावलं.

त्या संध्याकाळी बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा सात आकड्याचं बटण दाबलं. दहा मिनिटांत मुलाचा फोन आला. सात म्हणजे काय, तू इतके दिवस खोटं दाबत होतीस का, मग तर ठरलंच, असं तो बोलत सुटला. खरं बोलल्याचं हे बक्षीस. पण बाईंनी पुढचे दिवसही खऱ्या आकड्याचंच बटण दाबलं. सात, सात, सहा, सहा. सूज उतरत आली.

रविवारी मुलगा सकाळीच आला. टेम्पो खाली उभा होता आणि त्याच्या हातात रिकामी खोकी होती. बाई इमारतीच्या दारात भाजीची पिशवी घेऊन त्याची वाट बघत उभ्या होत्या.

"चल वर," त्या म्हणाल्या. "माझ्या मागे राहा. हात लावायचा नाही."

कठडा धरून त्या चढू लागल्या. चांगला पाय आधी, दुखरा मागून, फिजिओथेरपिस्ट मुलीने शिकवलं होतं तसं. पहिल्या मजल्यावर थांबून त्यांनी लिफ्टमध्ये पुकारायच्या तसं खणखणीत पुकारलं, "पहिला मजला. दुखणं पाच." दुसऱ्या मजल्यावर, जिथे त्या अडकून बसल्या होत्या तिथेच, भिंतीला लागून एक लोखंडी स्टूल होतं. इस्पितळाने निरोपाला दिलेलं ते जुनं स्टूल बाईंनी शेजाऱ्यांकडून तिथे आणवून घेतलं होतं. त्या त्यावर ऐसपैस बसल्या.

"दुसरा मजला. सहा."

मुलाने खोकी खाली ठेवली. धाप त्यालाही लागली होती. "आई, न थांबता चढायचं ठरलं होतं."

"ते तू ठरवलंस, आणि मी माजात हो म्हटलं. आता नाही म्हणते." बाईंनी पदराने मान पुसली. "एकतीस वर्षं लिफ्ट चालवली मी. ती प्रत्येक मजल्यावर थांबायची. बिघडली असं कुणी म्हणालं नाही कधी."

"पण तुला दुखतंय."

"दुखतंय. तुझ्या तळमजल्यावरही दुखणार आहे. तिथे फक्त दिसणार काही नाही."

मुलाने खोकी पायाने भिंतीकडे सरकवली. बाई दम खाईपर्यंत बसून राहिल्या, मग स्टुलावरून दोन्ही हातांनी रेटा देऊन उठल्या. उरलेल्या अठरा पायऱ्या चढायला त्यांना चार मिनिटं लागली. दाराशी पोचल्यावर त्यांनी फोन काढला, मुलाला दिसेल असा धरला आणि सात आकड्याचं बटण दाबलं. मास्तरीण म्हणाली, उद्या थोडं कमी करू.

"तिसरा मजला," बाई म्हणाल्या आणि दार उघडलं. तिन्ही खिडक्यांतून ऊन आत आलेलं होतं. "चहा घ्यायचा असेल तर आत ये. खोकी खालीच राहू देत."