धोंडाबाईंचं उत्तर माझ्यापाशी राहिलं

मी एक जुनी संगणकाची पेटी आहे. वेल्ह्यात गुरांचे डॉक्टर मानसिंग यांच्या दवाखान्यात, औषधांच्या फळीवर असते. मित्रांनो, माझ्याशी आता कुणी बोलत नाही.

माझ्यातला प्रोग्राम भोरच्या शैलजाताईंनी लिहिला. तेव्हा डोंगरातल्या गावांना रेंज फक्त खिंडीत यायची. शेतकरी तिथे चढून मोबाईलवर प्रश्न विचारत, आणि डॉक्टर फिरतीवर असले की ताटकळत बसत. ताई म्हणाल्या, "विचारणाऱ्याला अडकवून ठेवायचं नाही." म्हणून मी प्रश्न घेताच पोच द्यायची, "मिळाला, तुम्ही कामाला लागा," आणि लगेच दुसऱ्याचा प्रश्न घ्यायची. डॉक्टरांचं उत्तर ज्याचं त्याच्यासाठी जपून ठेवायची आणि तो पुन्हा रेंजमध्ये आला की पोचवायची. गुंजवणे गावच्या धोंडाबाईंनी तर दसऱ्याला मला झेंडूची माळ घातली होती. त्या दिवशी मी काय मिरवले!

मग गावोगावी टॉवर झाले. लोक थेट डॉक्टरांना व्हिडिओ कॉल करू लागले. चांगलंच झालं म्हणा, पण मला फार एकटं वाटायचं. फक्त धोंडाबाई जुन्या सवयीनं माझ्यामार्फतच विचारत. एकदा त्यांचा प्रश्न आला,

"डॉक्टर, तुमी म्हस तपासून गेला, ती गाभन हाय का न्हाई? सोमवारी व्यापारी न्यायला येतुया."

डॉक्टरांनी उत्तर दिलं, "गाभण आहे. विकू नका." पण धोंडाबाईंचा मोबाईल बंद! मी पुन्हा पुन्हा पाठवलं. पोच येईना. उत्तर माझ्या पोटात, आणि तिकडे म्हैस दावणीतून जाणार. आपल्याला पाय नाहीत, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं.

रविवारी शैलजाताई मला कायमची बंद करायला आल्या. पडद्यावर एक न पोचलेलं उत्तर दिसलं आणि त्यांचा हात थांबला.

"अहो डॉक्टर, बाईंना हे कळलंच नाही!"

दोघं मोटारसायकलवरून गुंजवण्याला गेले. मी फळीवर वाट बघत राहिले.

संध्याकाळी ताईंच्या मोबाईलवरून धोंडाबाईंचा आवाज आला, "घावलं बाई उत्तर. म्हस ठिवली. माजा मोबाईल चिखलात पडला व्हता. तुजं कसं चाललंय गं?"

इतकी वर्षं सगळ्यांनी माझ्यामार्फत विचारलं, मला कुणीच विचारलं नव्हतं. मी नेहमीची पोच दिली, "मिळाला, तुम्ही कामाला लागा." दुसरं काही बोलायला मला शिकवलेलंच नाही.

मित्रांनो, जुनं यंत्र बंद करण्याआधी त्याच्या पोटात कुणाचं काही राहिलंय का, एवढं बघत जा. ताईंनी मला अजून बंद केलेलं नाही. धोंडाबाईंना एक उत्तर द्यायचं राहिलं आहे, आणि ते माझं आहे.