रीळ खिशात होतं

मला समाजसेवेची आवड आहे, असं अमरावतीत बऱ्याच लोकांना वाटतं. खरं सांगायचं तर मला मोटार चालवायची आवड आहे, आणि गणिताच्या मास्तराला मोटार परवडत नाही. आमच्या नेत्रसेवा मंडळाकडे लष्कराच्या लिलावात घेतलेली एक जुनी जीप होती, पण ड्रायव्हर ठेवायची ऐपत नव्हती. मी लायसन दाखवलं आणि त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. तेव्हापासून हिवाळ्यात मोतीबिंदूचं शिबिर लागलं की खेड्यांतून पेशंट आणायचे आणि पट्टी सुटली की परत घरी सोडायचे, हे काम माझं झालं. माझी बायको विमल म्हणायची, "सेवा कसली डोंबलाची! फुकटात गाडी मिळते म्हणून जाता." ते खरं होतं, म्हणून मला झोंबायचं.

दुसरा नाद फोटोंचा. छातीशी धरून वरून काचेत बघायचं, असा माझा कॅमेरा होता. एका रिळात बारा फोटो निघत. रिळं आधीपासूनच दुर्मिळ, चीनच्या लढाईनंतर तर मिळेनाशीच झाली. अकोल्याचा देवीदास फोटोग्राफर माझा जुना दोस्त, तो महिन्याकाठी एखादं रीळ माझ्यासाठी दडवून ठेवी. असं एकेक रीळ जपून वापरणारा मी, आणि गावात जीप थांबली की सगळं गाव कॅमेऱ्यापुढे उभं! नाही म्हटलं की तोंडं उतरत. मग मी एक युक्ती काढली. कॅमेऱ्यात रीळ घालायचंच नाही. "हं, इकडे बघा" म्हणायचं, खटका दाबायचा आणि "पाठवून देतो" म्हणून गाडी सुरू करायची. लोक खूष, मीही खूष. पाठवलेला फोटो का आला नाही, हे विचारायला अमरावतीपर्यंत कोणी येत नसे. मंडळातले लोक याला 'मास्तरांचे धर्मादाय फोटो' म्हणत आणि आम्ही सगळे हसत असू.

त्रेसष्ट सालच्या जानेवारीत मी तिवश्याच्या पलीकडच्या एका गावी मनकर्णाबाईंना आणायला गेलो. साठीच्या पुढच्या बाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. त्यांचा मुलगा देवमन बडनेऱ्याला रेल्वेत खलाशी होता, त्यानंच शिबिरात नाव घातलं होतं. घर लहान, शेणानं नीट सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. मी तिथं चहा घेतला, आणि या घरात आपण चहा घेतो याचं मला त्या वेळी मनातून कौतुकही वाटलं. आता ते आठवलं की लाज वाटते.

निघताना बाई म्हणाल्या, "मास्तर, तुमच्यापाशी फोटोचा डब्बा हाय म्हन्ते. याहिचा येक फोटो काढा ना. सात वर्सं झाले, म्या याहिचं तोंड पाह्यलं नाई. डोया आला का पयले थोच पाहीन."

'हे' म्हणजे त्यांचे यजमान, पुंजाजी. ते हसले. "फोटो काहाले व? मी काय पयून चाललो? घरी येशीन तवा मलेच पाह्य."

"तुमी असान वावरात. फोटो कसा, हातात राह्यते."

मग तयारी सुरू झाली. बाईंनी चाचपून पेटीतून कोट काढला, त्यांना घातला, एकेक गुंडी स्वतः लावली. फेटाही त्यांनीच बांधला. दिसत नसताना इतका नेटका फेटा कसा बांधला, देव जाणे! पुंजाजी दारापुढे येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "मास्तर, आकोल्याच्या कापसाच्या जिनात व्हतो तवा साऱ्याइचा फोटो काढला व्हता. नेमका मी हाललो, अन् माह्यं तोंडच पुसून गेलं. लोकं हासले मले. आता नाई हालत मी."

त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि रोखून धरला. बाई बाजूला उभ्या राहिल्या, एक हात त्यांच्या पाठीवर ठेवून. मी खाली काचेत बघितलं, दाराची चौकट सरळ येते की नाही ते पाहिलं आणि खटका दाबला. खटका वाजला तरी पुंजाजी तसेच उभे. मला सांगावं लागलं, "झालं, सोडा आता श्वास."

रीळ माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. नवं, बाराच्या बारा फोटोंचं. दुसऱ्या दिवशी शिबिराचं उद्घाटन होतं, मोठे पाहुणे येणार होते, म्हणून मी ते राखून ठेवलं होतं.

मनकर्णाबाईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या काळी मोतीबिंदू काढला की दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून आठ-दहा दिवस उताणं निजवत. हलायचं नाही, खोकायचं नाही. मी शाळा सुटल्यावर चक्कर मारायचो. माझी चाहूल लागली की बाई विचारत, "मास्तर, फोटो आला का?"

"धुवायला टाकलाय," मी म्हणालो. पहिल्या दिवशी हे सहज तोंडातून गेलं.

आठव्या दिवशी देवमन मला शिबिराच्या फाटकाशीच भेटला. रेल्वेचा निळा सदरा अंगात, डोळे सुजलेले. "बाप गेला, मास्तर. परवा. छातीत कफ दाटला, दोन दिवसांत आटोपलं. मातीही देऊन आलो."

आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "इतक्यात बाईंना कळता कामा नये. एक हुंदका जरी आला तरी टाका तुटेल आणि डोळा जाईल. पट्टी सुटू द्या, चष्मा लागू द्या, घरी पोचल्यावर सांगा. आणि मास्तर, तुम्ही रोज भेटता, तुम्हीही तोंड सांभाळा."

देवमननं मान हलवली. बाहेर फाटकाशी आल्यावर त्यानं माझा हात धरला. "मास्तर, तुमी त्या दिवशी फोटो काढला ना बापाचा? माय सांगत व्हती. बापाचा दुसरा फोटो नाई कुठं. मायले आता तेवढंच राह्यलं."

हीच वेळ होती. फाटकाशी, दोघंच असताना, मला सांगता आलं असतं. मी म्हणालो, "आहे ना. अकोल्याला धुवायला दिलाय."

"लय उपकार झाले," तो म्हणाला. "मी भितीवर खिया ठोकून ठेवतो."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. शिबिरात जावं तर बाई आहेत, न जावं तर देवमन शाळेत येऊन चौकशी करील. देवमन आईच्या उशाशी बसून कोरड्या आवाजात सांगायचा, "बाप बरा हाय. वावरात जाते." मी शेजारी उभा राहून "हो हो" म्हणायचो. बाईंनी फोटोची गोष्ट आजूबाजूच्या खाटांवर सांगितली होती. मी आत पाऊल टाकलं की डोळ्यांना पट्ट्या बांधलेली दहा-बारा माणसं एकदम विचारायची, "मास्तर, आला का बुढ्याचा फोटो?" एरवी मला तिथं मास्तर-मास्तर करून घ्यायला आवडायचं. आता दारातूनच घाम फुटे.

शेवटी विमलला सगळं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "जाऊन खरं सांगून टाका."

"डोळा जाईल त्यांचा."

"मग देवमनला सांगा. त्याचा कुठं डोळा जातो?"

मला तोंडघशी पडायचं नव्हतं, एवढंच. मी रविवारी अकोल्याची गाडी पकडली.

देवीदासचे वडीलही फोटोग्राफरच. अकोल्यातल्या जिनांचे, शाळांचे फोटो त्यांनीच काढलेले, आणि त्यांच्या जुन्या काचेच्या निगेटिव्ह देवीदासनं माळ्यावर जपून ठेवलेल्या. पुंजाजी कोणत्या जिनात होते ते देवमनकडून कळलं होतं; तिथली काच तासाभरानं सापडली. पाच रांगांत साठेक मजूर. देवीदासनं ती उजेडासमोर धरली आणि आम्ही भिंगातून एकेक चेहरा पाहू लागलो. शोधायला वेळ लागला नाही. सगळे चेहरे लख्ख, आणि तिसऱ्या रांगेत एका माणसाच्या खांद्यांवर नुसता डाग.

"हा व्हय!" देवीदास म्हणाला. "याच्या नावानं माहा बाप मरेपर्यंत शिव्या देत व्हता. येकानं सारी काच नासवली म्हने."

मी काच पुन्हा एकदा उजेडासमोर धरून पाहिली. देवीदासला माझी दया आली असावी. तो म्हणाला, "हे पाह्य, मी तोंड रंगवून देतो. बारीक कुंचल्यानं. डोये कसे व्हते? मिश्या व्हत्या का? नाक कसं व्हतं?"

मी डोळे मिटून आठवू लागलो. फेटा आठवला. कोटाच्या गुंड्या आठवल्या. दाराची चौकट तर अगदी सरळ आठवली. मिश्या होत्या की नव्हत्या, ते सांगता येईना. त्या माणसाच्या घरी मी चहा प्यालो होतो, त्याच्यापुढे कॅमेरा धरून उभा राहिलो होतो आणि त्याच्याकडे मी धड बघितलंच नव्हतं.

"जसा आहे तसाच छाप," मी म्हटलं.

पुढच्या गुरुवारी बाईंना सुट्टी झाली. उजव्या डोळ्यावर जाड भिंगाचा चष्मा, डाव्यावर हिरवी पट्टी. धक्के बसू नयेत म्हणून डॉक्टरांनी गाडी हळू हाकायला बजावलं होतं. बाई माझ्या शेजारी, देवमन मागे. तिवश्यापर्यंतचा रस्ता मला एरवी पुरत नाही. त्या दिवशी तो संपेना. बाई लहान पोरीसारख्या एकेक गोष्ट ओळखत होत्या. "हा लिंब. हे बैल. हा मैलाचा दगड ना? अवो मास्तर, तुमी तं पोरगेच दिसता, मी तुमाले बुढे समजत व्हती." मग स्वतःचे हात चष्म्यासमोर धरून म्हणाल्या, "किती सुकले व माह्ये हात. ते बी असेच सुकले असतीन." मागे देवमन खोकल्यासारखं करू लागला.

"मास्तर, फोटो आनला ना?"

"आणलाय."

"मंग द्या ना."

"घरी. घरी गेल्यावर देतो," मी म्हणालो. उतरायला जागा नव्हती, थांबायला निमित्त नव्हतं. पाकीट माझ्या मांडीखाली होतं.

घरापुढे शेजारणी जमलेल्या होत्या. बाईंनी सगळ्यांकडे पाहिलं, मग दाराकडे, मग खुंटीवरच्या कोटाकडे. देवमननं त्यांना आत नेऊन बसवलं आणि सांगितलं. मी दारातच उभा होतो.

त्या रडल्या नाहीत. पदर तोंडात कोंबून बराच वेळ बसल्या. एक शेजारीण रडू लागली तर हातानंच तिला गप्प केलं. मग म्हणाल्या, "रडून डोया घालवू काय? त्याहिनं डोयासाठी धाडलं मले. मले अजून पाहाचं हाय त्याहिले." आणि माझ्याकडे हात पसरला. "द्या, मास्तर."

भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी, देवमननं ठोकलेला नवा खिळा होता.

मी त्यांच्यापुढे खाली बसलो. "बाई, त्या दिवशी माझ्या कॅमेऱ्यात रीळ नव्हतं. मी नुसता खटका दाबला. फोटो निघालाच नाही."

देवमन एक पाऊल पुढे आला. बाईंनी त्याला हातानं थांबवलं. त्या जाड भिंगामागे त्यांचा डोळा फार मोठा दिसत होता, आणि तो माझ्यावरच होता.

"संपलं व्हतं रीळ?"

"नाही. खिशात होतं."

"कोनासाठी?"

"उद्घाटनासाठी. पाहुणे यायचे होते."

बाईंनी पसरलेला हात मागे घेतला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी पाकिटातून जिनाचा फोटो काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. "हा अकोल्याचा. जुना."

त्यांनी तो चष्म्याजवळ धरला आणि पहिल्या रांगेपासून एकेका चेहऱ्यावर बोट फिरवू लागल्या. तिसऱ्या रांगेत बोट थांबलं. त्या डागावर त्यांनी ते दोन-तीनदा फिरवलं, पुसून खाली काही निघतं का पाहावं तसं.

"हे हायेत," त्या म्हणाल्या. "हालले व्हते."

मग त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले.

"तुमच्यापुढे नाई हालले ते, मास्तर. जराही नाई. मी हात ठेवून व्हती पाठीवर."