आजोबांनी कुलूप घातलेली अक्षरं

मी जयवंतरावांचा फॉन्ट बोलतोय. कॉम्प्युटरवरची अक्षरं असतात ना, त्यातलाच एक. ओरडून ओरडून माझा घसा बसलाय, पण अख्ख्या बडोद्यात एकाला ऐकू येईल तर शपथ!

जयवंतराव म्हणजे फतेगंजचे निवृत्त ड्राफ्ट्समन. त्यांची नात राजनंदिनी, नऊ वर्षांची, डभोईला राहते. तिची नजर अधू. पुस्तकातली बारीक अक्षरं तिला एकमेकांत मिसळलेली दिसतात. म्हणून आजोबांनी दोन वर्षं खपून मला घडवलं. जाड रेघा, मोकळी पोटं, दोन अक्षरांत ऐसपैस जागा. पोरगी पहिल्यांदा घडाघडा वाचायला लागली, तेव्हा म्हातारा मोरीत जाऊन रडला.

पण स्वभाव? अहो, चहाच्या डब्यालासुद्धा कुलूप! उद्या कुणी अक्षरं चोरली तर? म्हणून त्यांनी माझ्यातही एक मनाई टाकून ठेवली: हा फॉन्ट दुसऱ्या कुठल्याही फाइलच्या आत भरू नये. कुणाला बोलले नाहीत. गेल्या दिवाळीनंतर ते गेले.

तोवर ते स्वतः धडे छापून एसटीनं डभोईला न्यायचे. आता ते काम मुलाकडे, क्षितिजकडे आलं. तो धड्यांची पीडीएफ करून बहिणीच्या, मुग्धाच्या फोनवर पाठवतो. पीडीएफ बनवणारी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, फुकटातली, कुणीही दुरुस्त करावी अशी. ती फाइलमध्ये माझं नुसतं नाव लिहायची, मला सोबत न्यायची नाही. क्षितिजच्या कॉम्प्युटरवर मी राहायलाच आहे, तिथे सगळं छान. डभोईत मात्र अक्षरांच्या जागी चौकोनच चौकोन!

"मामा, आजोबांची अक्षरं कुठे गेली?" राजनंदिनीनं फोनवर विचारलं.

मग क्षितिजनं तीन आठवडे बसून लायब्ररीत सोय केली, फॉन्ट फाइलच्या आतच भरायची. आणि तरी चौकोन! लायब्ररी बिचारी नियमाची. माझी मनाई वाचते आणि मुकाट्यानं मला बाहेर ठेवते.

आज संध्याकाळी मुग्धाचा फोन आला. "दादा, हवे शूं? आता काय करायचं? उद्या सकाळी तिचा हिंदीचा पेपर आहे, आणि ती पुस्तक फेकून रडत बसलीय."

"अगं, माझ्याकडे तर बरोबर दिसतंय!"

दिसणारच रे गाढवा! मी इथेच आहे ना! दोष तुझ्या कामात नाही, माझ्या पोटात आहे. माझ्या पोटात बघ!

शेवटी त्यानं दुसराच एक साधा फॉन्ट भरून पाहिला. तो बिनबोभाट गेला. क्षितिज चमकला. त्यानं मला उघडलं, मनाई पाहिली, आणि वडिलांची म्हणून हात मागे घेतला.

"आई, बाबांनी बंदी घालून ठेवलीय. मोडू?"

इंदिराबाई दाराशीच उभ्या होत्या. "चहाच्या डब्याचं कुलूप मी तेराव्यालाच फोडलं. हेही काढ. नातीसाठीच केलं होतं ना सगळं?"

आता मी डभोईत आहे. राजनंदिनीनं फोन अगदी नाकाला लावलाय आणि तोंडातून शब्द नाही. मी आलोय गं! वाच ना! एक ओळ तरी वाच, तुझ्या पाया पडतो!

मुग्धालाही धीर निघेना. "दिसतंय का बाळा? आजोबांचीच आहेत ना? बोल ना काहीतरी!"

"गप्प बस ना आई. वाचू दे."

बरं बाई. मीही गप्प बसतो.