पेटीला वाट कोण दाखवतं?

पेटी निघाली आणि अख्खं गाव मागे धावलं. चार गडी डोक्यावर क्वाबेना मेन्साची शवपेटी घेतलेले, आणि पेटीच त्यांना फरफटत नेत होती! कसाव्याच्या कंदांच्या वाफ्यातून गेली, कोंबड्या उडवल्या आणि दुफी मावशीच्या दारावर जाऊन धडकली. पुन्हा धडकली.

"मेलेला बोलतोय!" नवे पाद्रीबाबा ब्रेम्पोंग गरजले. "ज्या चेटकिणीनं खाल्लं, तिचं दार तो ओळखतो! हालेलुया!"

क्वाबेना गेला काविळीनं, दवाखान्यानं तसं सांगितलंही होतं. पण दवाखान्याला कुठे गाता येतं?

पेटीच्या पुढच्या कोपऱ्याखाली बोआतेंग होता. आईबाप गेल्यावर त्याला मावशीनंच वाढवलं होतं. तो रडत होता. "मावशी, देवाशपथ, मी नाही ढकलत! पेटीच ओढतेय गं!"

मावशी ओट्यावर भुईमूग सोलत होती. "मग खाली ठेव तिला. क्वाबेना जिवंतपणी एवढा चपळ कधी नव्हता."

कुणी हसलं नाही. पाद्रीबाबांचा निवाडा तयारच होता. मावशीनं दिवस मावळायच्या आत गाव सोडायचं, आणि तिची कोकोची बाग शुद्धीसाठी पाद्रीबाबांच्या प्रार्थनाघराकडे. बागेचा विटाळ स्वतःच्या अंगावर घ्यायला बाबा तयार होते, केवढा तो त्याग!

गायलेलं प्रवचन म्हणजे माझा जीव की प्राण. बाबांनी ओळ टाकावी, आम्ही ती उचलावी, ढोलानं ती पायांत उतरवावी. आदल्या संध्याकाळी त्यांनी टाकलेली ओळ अशी : "कोण गं ती एकटी? केस जिचे कापूस, दारी जिच्या संत्रं?" आम्ही टाळ्या पिटत म्हणालो, "दारी जिच्या संत्रं!" नाव त्यांनी घेतलं नाही हो! फक्त, दारी संत्र्याचं झाड गावात एकाच घरी आहे.

आमच्या जुन्या चर्चच्या गायकांना आंपोन्सा मास्तर शिकवतात. ते पुढे झाले. "पाद्रीबाबा, वाट मेलेला दाखवतो ना? मग गड्यांचे डोळे बांधले तर त्याचं काय अडतंय?"

"संशय म्हणजे सैतानाचं शेपूट!"

"असेल. क्वाबेनाला दिसतंय ना, एवढंच सांगा."

गावच्या मुखियानं मान डोलावली. डोळे बांधले, गड्यांना गरगर फिरवलं. मग मास्तर आंब्याखाली जाऊन मोठ्यांदा म्हणाले, "या मावशी, इथं माझ्याशेजारी उभ्या राहा. वाजव रे ढोल!"

मावशी ओट्यावरून हललीसुद्धा नाही. आम्हा सगळ्यांना मास्तरांनी बोटानंच गप्प केलं.

पेटी डुलली, थबकली आणि सुसाट सुटली. धाडकन आंब्यावर! मास्तर उडी मारून वाचले. चार कैऱ्या खाली आल्या, त्यातली एक पाद्रीबाबांच्या टोपीवर.

मागून मावशीचा आवाज आला, "अरे क्वाबेना, मी इकडे!"

बोआतेंगनं पट्टी काढली. समोर झाड, मागे मावशी. "मास्तर... म्हणजे मीच?"

"तू एकटा नाहीस आणि मुद्दामही नाही," मास्तर म्हणाले. "रविवारी गाताना आपल्या सगळ्यांचा सूर चढतो. कुणी चढवला विचारलं, की प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघतो. खोटं कुणीच बोलत नाही. जो तो केसभर सरकतो, स्वतःच्याही नकळत. मनात जे आधीच बसलंय तिकडे पाय वळतात. चौघं थोडं थोडं सरकले की चौघांनाही वाटतं, आपल्याला दुसरंच कुणी ओढतंय."

"आणि मनात बसवलं कुणी?" मुखियानं विचारलं.

गर्दीत कुणीतरी हळूच गुणगुणलं, "दारी जिच्या संत्रं..."

"मयताचा गोंधळ झाला असेल!" पाद्रीबाबा घाम पुसत म्हणाले.

"मग निजू द्या की त्याला," मावशी म्हणाली. आम्ही क्वाबेनाला पुरलं. दिवस मावळला तेव्हा मावशी आपल्याच अंगणात होती, बोआतेंगला भाजलेले शेंगदाणे चारत. तो अजून हुंदके देत होता. "गप खा," ती म्हणत होती.

मी आजही प्रवचनाला पहिल्या बाकावर बसतो आणि डोलतो. देवाचं नाव गाऊनच घ्यावं. पण बाबांनो, गळा ज्यानं दिला त्यानंच विचारही दिलाय. ओळ उचलण्याआधी एवढं बघा, की ती कुणाच्या दाराकडे जातेय. आणि "मी नाही ढकलत" असं अगदी मनापासून वाटेल, तेव्हा एकदा डोळे बांधून बघा.