आरशातली मुलाखत

दवाखान्यातून फोन आला तेव्हा सलूनवाल्याच्या खुर्चीत त्याचा जुना दोस्त, बसचा कंडक्टर बसला होता आणि त्याची अर्धी दाढी झाली होती. फोन ऐकून सलूनवाला वस्तरा हातात धरून नुसताच उभा राहिला. कंडक्टरने आरशातून त्याचा चेहरा पाहिला, अंगावरचं कापड स्वतःच काढलं आणि म्हणाला, "चल." एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस, अशा अवतारात तो दवाखान्यापर्यंत सोबत आला. सलूनवाल्याची बायको गेली होती.

त्याच दिवशी लेकीला मेल आला होता. सल्लागार कंपनीतल्या अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी ती लेखी परीक्षा पास झाली होती, आता मुलाखतीच्या फेऱ्या होत्या. पाच दिवस तिने तो उघडलाच नाही.

मुलाखतीची तयारी आई करून घ्यायची. आई गणिताची शिक्षिका. स्वयंपाकघरातल्या टेबलावर घड्याळ लावून प्रश्न टाकायची: शहरात रोज किती छत्र्या हरवत असतील? अमक्या कारखान्याचा माल का खपत नाही? एक्केचाळीस प्रश्न तिने वहीत लिहून ठेवले होते. ही नोकरी लागावी म्हणून मायलेकी दोन वर्षं झटल्या होत्या. आता विचारणारंच कुणी उरलं नव्हतं.

"मी विचारतो," सलूनवाला म्हणाला. पण टेबलाशी लेकीसमोर बसला आणि त्याची दातखीळच बसली. तीस वर्षं तो माणसांशी पाठीमागे उभा राहून, आरशात बघून बोलला होता.

"बाबा, दुकानात चला," लेक म्हणाली.

ती खुर्चीत बसली. त्याने सवयीने तिच्याभोवती कापड गुंडाळलं, मागे उभा राहिला आणि वही उघडली. झालं, तोंडाचं कुलूप निघालं.

"शहरात केस कापायच्या खुर्च्या किती?"

"अर्धी वस्ती पुरुषांची. त्यातून टकले वजा..."

"वजा कशाला? टकले तर जास्त वेळा येतात! चारच केस असले की चारही सांभाळावे लागतात."

"माझंच उदाहरण घे, पोरी," बाकावरून टक्कल कुरवाळत कंडक्टर म्हणाला. "पण काय रे, ही कंपनी लोकांना सल्ला देऊन पोट भरते? मग तू तीस वर्षं फुकट का देतोस?"

"आणि तू तीस वर्षं ऐकत का नाहीस?"

लेक खुदकन हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

मग रोज दुपारी आरशात मुलाखत. एकदा ती आकडे मांडता मांडता अडली, तेव्हा तो म्हणाला, "नवं गिऱ्हाईक आलं की कात्री लावण्याआधी मी एकच विचारतो, मागच्या वेळी काय आवडलं नाही? तिथून पुढचं आपोआप सुचतं."

दोन फेऱ्या पार पडल्या. शेवटची कंपनीच्या बड्या साहेबांसमोर. त्या दिवशी दुपारी सलूनवाल्याने वस्तरा लावला तो पुन्हा कंडक्टरच्याच दाढीवर, आणि अर्धी झाली तोच लेक धापा टाकत दारात.

"प्रश्न होता एका कंपनीचा: चौदा बेकऱ्या, सकाळची गिऱ्हाइकं तुटलेली. साहेबांनी आकड्यांचा कागद पुढे सरकवला. मी म्हटलं, यायची बंद झाली त्यांना कुणी विचारलं का, काय आवडलं नाही?"

"मग?"

"साहेब म्हणाले, 'सकाळपासून नऊ जण येऊन गेले, हे कुणी विचारलं नाही. बरं, पाव उशिरा येतो म्हणतात असं धर.' मग मी भट्टी पेटवण्याच्या वेळेपासून मांडत गेले. बाबा, घेतलं त्यांनी मला!"

सलूनवाल्याने वस्तरा खाली ठेवला आणि तिला मिठी मारली. समोरासमोर.

"साहेबांना केस होते का गं?" कंडक्टरने विचारलं.

"अगदी तुमच्यासारखे, काका."

"तरीच! माणूस हुशार आहे. पण माझी दाढी पुन्हा अर्धीच का?"

वहीतले चाळीस प्रश्न झाले. एक्केचाळिसावा असा आहे: तुझ्या बाबांनी आजवर कापलेले केस ठेवायला किती खोल्या लागतील? तो अजून सोडवायचा राहिला आहे.