पातेल्यात थांबलेला आवाज

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. लाकडी सामानाचं एक रिकामं गोदाम आहे. जमिनीवर माणसं दाटीवाटीनं बसली आहेत. प्रत्येकाच्या मांडीवर एक जुना रेडिओ आहे, घरातल्या गेलेल्या माणसाचा. समोर उंच खुर्चीवर बसलेत रेडिओबाबा.

"आत्मा म्हणजे लहर! लहर म्हणजे कंपन! कंपन म्हणजे मी!"

"म्हणजे थंडी वाजली की मीसुद्धा बाबाच," मागे बसलेला शिंपी पुटपुटला. त्याला चारजणांनी डोळे वटारून गप्प केलं.

ज्याची पाळी येईल त्यानं संच लावायचा, बाबा सांगतील तिथं काटा न्यायचा. मग खरखरीतून आवाज यायचा आणि गोदामभर हुंदके फुटायचे.

त्या गर्दीत आईला चिकटून एक मुलगी बसली होती. तिचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. सतत त्यांच्या हत्यारांत हात घालते म्हणून ते तिला 'खटपटी' म्हणत. मागच्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं ते गेले.

आज आईची पाळी होती. "मी आहे गं," रेडिओ म्हणाला. मग खोकला. "सुखात आहे. तू त्या गोळ्या सोडल्यास ना? गोळ्यांनी आपल्यात पडदा येतो."

"सोडल्या हो," आई रडत म्हणाली.

त्या गोळ्या आईच्या हृदयाच्या होत्या. चुकवायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आता आईचे पाय सुजले होते, जिना चढताना ती मधेच बसायची. वडील गेले, आता आईही जाणार, या विचारानं खटपटीला घास गिळवत नव्हता. तरी तो आवाज तिलाही हवा होता. म्हणून तर इतके दिवस ती गप्प होती. खरखरीतून येणारा कुठल्याही थकल्या माणसाचा आवाज आपल्याच माणसासारखा वाटतो. खोकल्याचं तर आईनंच पहिल्या दिवशी रेडिओबाबांना सांगून टाकलं होतं. पण त्या आवाजानं तिला एकदाही 'खटपटी' म्हटलं नव्हतं.

आईच्या मांडीवरचा रेडिओ घसरून फिरला आणि आवाज एकदम पडला. आईनं तो सरळ केला, आवाज भरला.

खटपटी ताठ झाली. याच संचाचं झाकण उघडून वडिलांनी तिला तांब्याची तार गुंडाळलेली काळी कांडी दाखवली होती. "खटपटी, ही लहरी पकडते. हिचं टोक लहरी सोडणाऱ्या केंद्राकडे वळलं की आवाज पडतो, आडवी धरली की भरतो."

ती उभी राहिली. "बाबाजी, आत्मा कुठून बोलतो?"

"दाही दिशांनी, बाळ!"

"त्याला काही अडवतं?"

"फक्त लोखंड. इथं खिळासुद्धा आणायचा नाही!"

"आणि अ‍ॅल्युमिनियम?"

"त्याची काय बिशाद!"

शेजारच्या चहावाल्याकडून तिनं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं आणलं. बोलता रेडिओ आत ठेवून झाकण लावलं. माणसाचा आवाज गेला. खरखर मात्र झाकणाबाहेर ऐकू येत राहिली.

"खरखर बाहेर येते, म्हणजे पातेल्यानं रेडिओचा आवाज दाबलेला नाही," ती म्हणाली. "आत येणारी लहर अडली आहे. रेडिओची लहर लाकडातून, विटांतून जाते, पण धातूनं चहूकडून कोंडलं की आत शिरत नाही. मग तो धातू लोखंड असो की आणखी काही."

"अश्रद्ध पोरगी! आत्मा रुसला!"

"पातेल्यावर रुसला?" शिंप्यानं विचारलं. या वेळी कुणी त्याला गप्प केलं नाही.

खटपटीनं रेडिओ बाहेर काढला, हळूहळू फिरवला. आवाज पडला तिथं शिंप्याच्या खडूनं कांडीच्या रोखानं जमिनीवर रेघ ओढली. मग दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन तेच केलं. शिंप्यानं टेप धरून दोन्ही रेघा पुढे नेल्या. त्या गोदामातल्या एका बंद कोठीच्या दारापाशी एकमेकींना मिळाल्या.

दार आईनंच उघडलं. आत एक हडकुळा तरुण, तोंडाशी माइक, समोर एक पेटी, छताला लोंबणारी तार. हे छोटं केंद्र जेमतेम गोदामापुरतं ऐकू जाई. घरी काटा तिथंच लावला तरी नुसती खरखर का यायची, ते आता कळलं.

लोक रेडिओबाबाकडे धावले. आई तिथंच उभी राहिली. तिनं त्या तरुणापुढे हात जोडले.

"एकदाच बोल ना रे. त्यांच्यासारखं."

तरुणानं मान खाली घातली.

मुलांनो, लहरीला पुण्यवान कळत नाही, पापी कळत नाही. ती धातूपाशी अडते आणि विटेतून जाते, सगळ्यांसाठी सारखीच. म्हणून चमत्कार समोर आला की विचारा: कुठून आला, कशानं थांबतो? विचारल्यानं दुःख हलकं होतं असं नाही. पण त्या दुःखावर दुसऱ्या कुणाला दुकान मांडता येत नाही.

घरी आल्यावर आई भिंतीला टेकून बसली. "त्यांचा आवाज विसरले तर गं?"

खटपटीनं गोळी आईच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला दिला. मग घसा जाड करून, खोकून म्हणाली, "खटपटी, माझा स्क्रू कुठं टाकलास?"

आईच्या डोळ्यांतून पाणी आलं, ओठ मात्र हसले.

"हा माझाच आवाज आहे हं, आई," खटपटी म्हणाली आणि आई गोळी गिळेपर्यंत तिच्यासमोर बसून राहिली.